पोत्याच्या शिवणीतल्या अळ्या

आमच्या सोसायटीत मला धान्यातलं कळतं असा माझा लौकिक आहे. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचे गहू येतात तेव्हा बायका मुठीत चार दाणे घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात. बोरिक पावडर किती लावायची, कडुलिंबाचा पाला किती वाळवायचा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात कधी लावायचा, हे मी सांगते. न विचारता आणखीही बरंच सांगते. "हे गहू तू चाळलेलेच नाहीस," असं तोंडावर सांगितलं की माणूस दुखावतो, पण पुढच्या उन्हाळ्यात परत येतो. आमचे हे म्हणायचे, डॉक्टरसारखी दारावर पाटी लावून देतो तुला. मला ते ऐकायला आवडायचं. हा लौकिक मी एका सकाळी कशासाठी वापरला, ते सांगायचं आहे.

याच घरात, मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी मी अळ्या पाळते. प्लास्टिकचे चार पसरट टब आहेत आणि त्यांत किती अळ्या आहेत हे मोजायच्या फंदात मी पडलेली नाही.

माझं माहेर धायरीचं. लग्न होऊन कोथरूडला आले आणि सहा महिन्यांत 'हाय'चं 'आहे' केलं, इतकं की माहेरी गेल्यावर भाऊ मला शाळेच्या बाई म्हणून चिडवायचा. शाळेत मी होते खरी, पण ऑफिसात, कारकून. भावाच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे त्याच्या पंधरा-वीस गावरान कोंबड्या असतात. तीन वर्षांपूर्वी त्या कोंबड्यांची पिसं झडली आणि अंडी बंद झाली. भावाने मोबाइलवर कुठेतरी बघितलं की मीलवर्म नावाच्या अळ्या खायला घातल्या की कोंबडी सुधारते. त्याने कुठून तरी डबाभर अळ्या आणल्या आणि दोन टबांत घातल्या. एक टब मुंग्यांनी खाल्ला. दुसरा कोंबड्यांनीच उलथा केला आणि एका सकाळीच जवळजवळ सगळा साठा संपवला.

"आक्का, तुझ्या घरात मुंगी यायला घाबरती," तो म्हणाला. "तूच पाळ की. म्या येऊन घेऊन जाईन."

नुकतीच निवृत्त झाले होते. हात रिकामे होते आणि स्तुतीला मी आधीपासूनच भुलते. तळाशी उरलेल्या मूठभर अळ्या मी स्टीलच्या डब्यातून स्कूटरवर घेऊन आले. ह्यांनी पहिल्या दिवशी टबात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "या आपल्याबरोबर जेवणार की आपल्या आधी?" त्यानंतर ते त्या बाल्कनीत गेलेले नाहीत.

पाळायला काही अवघड नाही. टबात चार बोटं गव्हाचा कोंडा घालायचा, वर गाजराच्या चकत्या ठेवायच्या. तेच त्यांचं पाणी. काळे भुंगे कोंड्यात अंडी घालतात. ती इतकी बारीक असतात की मला चष्मा लावूनही दिसली नाहीत, आणि चिकट असतात, ज्याला लागतील त्याला धरून बसतात. काही आठवड्यांनी कोंडा आपोआप हलतोय असं वाटायला लागतं. मग बोटाच्या पेराएवढ्या पिवळ्या, कडक, चकचकीत अळ्या दिसतात. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांना चढता येत नाही. गाजर कुजू दिलं नाही तर वासही येत नाही. दुपारी सामसूम असताना टबाजवळ बसलं की शेजारच्या खोलीत कुणी सुपात धान्य घोळतंय असा आवाज येतो. मला त्या आवडायला लागल्या, हे सांगायला हरकत नाही. कोंबड्यांना तर फारच. भाऊ म्हणायचा, तुझी स्कूटर वळली की फाटकाशी येऊन उभ्या राहत्यात.

पण सोसायटीत कोण काय म्हणेल? आमच्याकडे जिन्यात चपला वाकड्या पडल्या तरी ग्रुपवर फोटो येतो. आमच्या मजल्यावर अंडंसुद्धा न खाणारी दोन घरं आहेत. म्हणून मी सांगितलं की बाल्कनीत गांडूळखत करते. गांडुळांना कोथरूडमध्ये मान आहे. सोसायटीच्या सभेत माझं कौतुक झालं, इतरांनी काकूंचा आदर्श घ्यावा असंही कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घालून हसले, तो विनय आहे असा लोकांचा समज झाला.

कोंडा मला मिळायचा कोपऱ्यावरच्या गिरणीतून. गिरणीवाले दादा पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. दळताना जात्याभोवती सांडलेलं पीठ आणि कोंडा ते रोज झाडून एका पोत्यात भरायचे आणि आठवड्याला ते पोतं मला द्यायचे. त्यांना मी भावाच्या कोंबड्यांसाठी हवं आहे असं सांगितलं होतं. अळ्यांचं नाव काढलं नव्हतं. त्यांची एकच अट होती. "ताई, रिकामं पोतं झटकून, उन्हात घालून आणत जा. माझ्याकडे लोकांचं पीठ असतं."

मी रिकामं पोतं बाल्कनीत टबांशेजारी टांगायची. भुंगे कधी टबातून कोंडा काढताना माझ्या हातावर, बाहीवर चढायचे, मी परत टाकायची. एखादा पोत्यावर गेला असेल तर मला कळलं नसणार. पण मी गच्चीवर जाऊन पोतं नीट झटकायची, दिवसभर उन्हात टाकायची. मग सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. किल्ली मागायची तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं. म्हणून बाल्कनीतून झटकायला लागले. दोनदा झटकलं आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या फ्लॅटमधली शेजारीण वर आली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काकू म्हणते, गोड मुलगी आहे.

"काकू, वरून काहीतरी पडतं हो. माझ्या टॉवेलवर अळीसारखं काहीतरी होतं."

"खतातलं असेल," मी म्हणाले. "बघते हं."

त्या दिवसापासून मी पोतं झटकणंच बंद केलं. घडी घालायची, वरून हात फिरवायचा आणि शिवण उलटून न बघता परत द्यायचं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. धान्यातलं कळणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं की दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. मी तेच तर सगळ्यांना सांगते.

मग दिवाळी आली. दिवाळीआधी दोन दिवस दादा गिरणीवर गहू घेत नसत. जातं उघडून, पुसून फक्त चकलीच्या भाजण्या दळत. आमच्या इमारतीतले आठ-दहा डबे एकाच सकाळी तिथे रांगेत लागायचे. दळलेली भाजणी गरम असते. लगेच झाकण लावलं की घाम धरते आणि चकल्या मऊ पडतात. म्हणून डबे उघडे ठेवून वरून काहीतरी हलकं अंथरतात. त्या वर्षी डबे जास्त झाले आणि त्यांनी त्यांतल्या काहींवर माझं पोतं अंथरलं. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. खालची शेजारीण दारात होती, हातात भाजणीचा डबा, तिच्यामागे आणखी दोघी. ती रडवेली झाली होती. तिची मुलगी परदेशात शिकते, तिला चकल्यांचा डबा पाठवायचा होता.

"काकू, तुम्हीच बघा. तुम्हाला कळतं."

मी डब्यात पाहिलं. भाजणीवर एक पिवळी अळी होती, कडक, चकचकीत, आणि ती शांतपणे एका बाजूला चालली होती. पिठातल्या नेहमीच्या अळ्या मऊ असतात, पांढुरक्या असतात, जाळी करतात. ही तसली नव्हती. ही माझी होती. मला पोतं आठवलं, शिवण आठवली.

"घरातली आहे का गिरणीतली?" मागची एक म्हणाली. "हिने तर डबा धुऊन, पुसून, उन्हात ठेवून दिला होता."

आता मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी चष्मा लावला. डबा खिडकीशी नेला. चिमूटभर भाजणी हातावर घेऊन वास घेतला. बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "भाजणी तुझी उत्तम भाजली गेली आहे. इतक्या भाजलेल्या धान्यात अळी टिकत नाही. ही तुझ्या घरातली नाही, गिरणीतून आली आहे."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. भाजणी खरंच चांगली होती. अळी खरंच गिरणीतून आली होती. म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटते. घाबरून माणूस खोटं बोलून जातो, तेवढं मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी वास घेतला होता. चष्मा शोधून आणून लावला होता.

अर्ध्या तासात ग्रुपवर अळीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं की कोपऱ्यावरच्या गिरणीत अळ्या आहेत, काकूंनी स्वतः खात्री केली आहे, सगळ्यांनी डबे तपासावेत. आणखी एकीच्या डब्यात अळी निघाली. मग ज्यांच्या डब्यात काही नव्हतं त्यांनीही भाजणी टाकून दिली आणि दुकानातून तयार पाकिटं आणली. मी ग्रुपवर हात जोडल्याची खूण टाकली. ती का टाकली, कुणाला टाकली, आजही मला सांगता येणार नाही. पाडव्याला खालच्या शेजारणीकडे नवी घरघंटी आली. तिने सगळ्यांना सांगितलं, आता कुणी बाहेर जाऊ नका, माझ्याकडे या. त्या यंत्राची घरघर माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीतून येते.

दिवाळीनंतर आठ दिवस मी गिरणीवर गेले नाही. मग कोंडा संपला. अळ्यांना खायला हवं म्हणून गेले, दुसरं कुठलंही चांगलं कारण नव्हतं. गिरणीला नवा चुना मारलेला होता. पीठ ज्यातून डब्यात पडतं ती कापडी नळी नवीन होती.

"ताई, तुमच्या बिल्डिंगमधलं कुणीच येत नाही," ते म्हणाले. "पलीकडच्या दोन सोसायट्यांतूनही कमी झालेत. मी जातं खोललं, फळ्या काढल्या, सगळं बघितलं. एक अळी सापडली नाही."

"हो का?" मी म्हणाले.

"तुमच्या डब्यात काही निघालं का?"

"नाही, माझ्या नाही."

त्यांनी मान डोलावली आणि माझं पोतं पुढे केलं. ते निम्मंही भरलेलं नव्हतं. "आता भरायला वेळ लागतो," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. दळण कमी, म्हणून सांडणं कमी, एवढंच ते सांगत होते.

मी ते पोतं घेऊन घरी आले. कोंडा टबांत घातला. कोंबड्या व्यवस्थित अंडी देत होत्या. भावाने त्या आठवड्यात दोन डझन पाठवली आणि मी ऑम्लेट केलं. ह्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी एकदाच विचारलं, हल्ली तू कुणाच्या गव्हाला नावं ठेवत नाहीस, बरी आहेस ना? मी म्हटलं, थंडी फार आहे.

पोतं मात्र आता मी धुवायला लागले. उकळत्या पाण्यात. उशिरा सुचलेलं शहाणपण किती नीटनेटकं असतं.

जानेवारीत एका दुपारी मी गिरणीवर गेले. दुसरं कुणी नव्हतं. पूर्वी त्या वेळी जात्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, आता हळू बोलून चाललं. मी सगळं सांगितलं. टब, भुंगे, गांडुळांची थाप, न झटकलेलं पोतं, चष्मा, वास. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमचं पोतं स्वच्छ असतं म्हणून मी तेच अंथरलं होतं," ते म्हणाले. "बाकीची पोती धान्याची असतात."



"माझी चूक झाली, दादा."

"ते झालंच." त्यांनी हातातला फडका झटकला. "पण हे तुम्ही तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलंत का?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग, ताई? माझ्या गिरणीत अळी नव्हती, हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं इतकं सरळ होतं की वाद घालायला जागाच नव्हती. "सांगते," मी म्हणाले. शब्द दिला.

चार दिवसांनी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दहा-बारा जणी होत्या. मी आदल्या दिवशी बाल्कनी पुसून काढली होती, टबांवरची झाकणं काढून ठेवली होती. हॉलपासून ते दार सहा पावलांवर आहे. अत्तर लावून झालं, वाण देऊन झालं, तिळगुळाची ताटली फिरली. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. दिवाळीत ज्या अळ्या निघाल्या, त्या गिरणीतल्या नव्हत्या. माझ्या होत्या. मी भावाच्या कोंबड्यांसाठी अळ्या पाळते. माझ्या पोत्यातून तिथे गेल्या."

मग खालच्या शेजारणीने माझा हात धरला. "काकू, तुम्ही ना फारच चांगल्या आहात. तो माणूस तुमच्याकडे येऊन रडला असणार. पण म्हणून स्वतःवर कशाला घेता?"

"अगं, खरंच सांगते आहे."

"हिच्या घरात मुंगी दिसत नाही," आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आणि ही अळ्या पाळते म्हणे." सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, काकू खतातल्या गांडुळांनाच कोंबड्यांच्या अळ्या म्हणत असतील हो, हल्ली झोप कमी झाली आहे त्यांची.

सहा पावलं होती. "चला, दाखवते," एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. हळदीकुंकू लावलेले, हसरे, माझ्यावर माया करणारे चेहरे. दार उघडलं की ते कसे होतील ते मला दिसत होतं. ताटलीतला तिळगूळ कसा खाली ठेवला जाईल तेही.

"गांडुळंच ना, काकू?"

"हो," मी म्हणाले, "तसंच काहीसं."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. त्या क्षणी मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांच्याबरोबर हसले, त्यांना आणखी तिळगूळ दिला आणि त्या गेल्यावर बाल्कनीत जाऊन टबांवर झाकणं ठेवली.

लाज दुसऱ्या दिवशी वाटली, गिरणीसमोर. ते बाहेर पायरीवर बसले होते. मला पाहून उठले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळ्यांना?"

"दहा-बारा जणी होत्या."

"काय म्हणाल्या?"

मी जे झालं होतं तेच सांगितलं. म्हटलं, "हसल्या."

त्यांनी जरा विचार केला आणि तेही हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "हसल्या म्हणजे राग गेला," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकलं त्यांनी. तुमच्या शब्दाला किंमत आहे तिथे." मग त्यांनी आत वळून जात्याकडे पाहिलं. "जात्याच्या दगडांना टाकी लावून धार करून घेतो आता. बरेच दिवस राहिलंय. एक दिवस बंद ठेवावं लागेल, पण पुढे गर्दी झाली की सवड व्हायची नाही." जाता जाता त्यांनी विचारलं, "कधीपासून येतील?"

"रथसप्तमी झाली की," मी म्हणाले.

ते बरं म्हणाले आणि टाकी लावणाऱ्याला फोन करायला आत गेले.